एकबिंदू इंधन-फवारणी : मोजमाप नेमके, वाटप ढोबळ

पेट्रोल इंजिनाचा तक्ता भिंतीवर टांगून शिकवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मधे दट्ट्या, वर दोन झडपा, त्यांच्यामध्ये ठिणगीचा प्लग आणि एका बाजूला कार्ब्युरेटर. अलीकडच्या तक्त्यांवर आणि विज्ञान प्रदर्शनांतील प्रतिकृतींवर कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्टर दिसू लागला आहे. त्याखालचा मजकूर साधारण एकाच धर्तीचा असतो : ‘संगणकाच्या साहाय्याने इंधनाचा अतिशय बारीक फवारा मारला जातो, त्यामुळे ज्वलन पूर्ण होते, इंधन वाचते व प्रदूषण घटते.’

हे विधान खोटे नाही, पण त्यातून मुख्य मुद्दा निसटतो. फवाऱ्याला श्रेय मिळते आणि ज्यामुळे ही पद्धत यशस्वी झाली ते मोजमाप पडद्याआड राहते. शिवाय सगळ्या इंजेक्शन पद्धती एकाच माळेत ओवल्या जातात. त्यांपैकी इलेक्ट्रॉनिक एकबिंदू फवारणी, म्हणजे सर्व सिलिंडरांसाठी मिळून एकच इंजेक्टर, ही पद्धत या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे. तिने एक प्रश्न उत्तम सोडवला आणि दुसरा जवळजवळ होता तसा ठेवला.

नागापूरसारख्या ठिकाणी ही तपासणी अधिकच महत्त्वाची ठरते. नगर-मनमाड रस्त्यावरच्या या गावालगत औद्योगिक वसाहत आहे. यंत्रांचे भाग, मोटारी, जोडणी ही इथल्या मुलांच्या घरातली रोजची भाषा असते. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) कायनेटिक इंजिनिअरिंगच्या लूनाने १९७२ पासून एका पिढीला छोट्या इंजिनाची ओळख करून दिली. याच शहराजवळ संरक्षण संशोधन संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजे व्हीआरडीई, आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली वाहनांची चाचणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांत तिचा समावेश होतो. पुण्याची एआरएआय ही अशीच दुसरी. ज्या गावाच्या पंचक्रोशीत धूर मोजला जातो, तिथल्या शाळेत इंजेक्टर म्हणजे केवळ ‘चांगली पिचकारी’ असे शिकवले जाऊ नये.

खरा प्रश्न प्रमाणाचा

पेट्रोल जळण्यासाठी हवा किती लागते, येथून सुरुवात करू. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे, पण हिशेबासाठी ऑक्टेन घेता येईल. ऑक्टेनच्या रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. त्यापासून कार्बन डायऑक्साइडचे ८ व पाण्याचे ९ रेणू व्हायचे, तर ऑक्सिजनचे साडेबारा रेणू लागतात. म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेनला ४०० ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, तेव्हा लागणारी हवा सव्वासतराशे ग्रॅमच्या आसपास येते. प्रमाण झाले १ ला सुमारे १५. प्रत्यक्ष पेट्रोलसाठी ते १ ला १४.७ धरतात.

हे प्रमाण वजनाचे आहे. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम धरले, तर त्याला जवळजवळ ११ किलो हवा लागते आणि ती सुमारे ९,००० लिटर जागा व्यापते. विद्यार्थ्यांना हा आकडा स्वतः काढू द्यावा. इंजिन मुख्यतः हवा ओढणारे यंत्र आहे, ही गोष्ट मग वेगळी सांगावी लागत नाही.

हवा कमी पडली तर मिश्रण ‘गाढ’ होते. कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले इंधन धुराड्यातून बाहेर पडते. हवा थोडी जास्त झाली तर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. फारच जास्त झाली तर मिश्रण इतके विरळ होते की ठिणगी पडूनही ते नीट पेटत नाही. थेंब कितीही बारीक केले, तरी चुकलेले प्रमाण त्याने सुधारत नाही. शिवाय एकबिंदू पद्धतीतला इंजेक्टर कमी दाबाचा असतो. साधारण एक वातावरण इतक्याच जादा दाबाने तो पेट्रोल सोडतो. त्याचे थेंब चांगल्या कार्ब्युरेटरच्या थेंबांपेक्षा फार बारीक असतातच असे नाही. तेव्हा फवाऱ्याच्या बारीकपणावर सगळे श्रेय टाकणारे स्पष्टीकरण निदान या पद्धतीपुरते तरी लंगडे आहे.

कार्ब्युरेटरवर अन्याय नको

नव्याची स्तुती करताना जुन्याला अडाणी ठरवण्याची सवयही सोडली पाहिजे. कार्ब्युरेटर हे अत्यंत चतुर यंत्र होते. अरुंद गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो. त्या उतरलेल्या दाबामुळे जेटमधून पेट्रोल वर खेचले जाते. हवा जास्त आली की दाब अधिक उतरतो आणि पेट्रोलही जास्त येते. वीज नाही, संवेदक नाही, तरी प्रमाण बऱ्यापैकी राखले जाते. बर्नूलीच्या नियमाचे याहून चांगले उदाहरण शिक्षकाला क्वचित मिळेल.

उणीव कुठे आहे? कार्ब्युरेटर हवेचे वजन मोजत नाही, तो दाबातील फरकावर चालतो. हवा व पेट्रोल या दोहोंचा प्रवाह त्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, पण त्यात घनतेचे वर्गमूळही येते. उंचावर हवा विरळ होते, पेट्रोल मात्र तेवढेच दाट राहते. म्हणून समुद्रसपाटीला नीट बसवलेला कार्ब्युरेटर घाटावर आला की मिश्रण गाढ करतो. नगर सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. इथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सहा टक्क्यांनी विरळ धरली, तर मिश्रण तीन टक्क्यांनी गाढ होते. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, हा फरक सात टक्क्यांच्या आसपास जातो आणि १४.७ चे प्रमाण १३.८ वर येते. गाडी बंद पडत नाही, चालते. पण इंधन वाया जाते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो.

याशिवाय थंड इंजिनासाठी चोक, मंद गतीसाठी वेगळी वाट, एकदम वेग घेण्यासाठी छोटा पंप अशी एकेक पुरवणी कार्ब्युरेटरला जोडावी लागली. प्रत्येक पुरवणी एक अडचण दूर करी, पण काय झाले याची खबर उलट घेण्याची सोय त्यात कुठेच नव्हती.

एकच इंजेक्टर काय करतो

एकबिंदू पद्धतीत कार्ब्युरेटर काढून त्याच जागी थ्रॉटलची फुलपाखरी झडप असलेला एक भाग बसवतात. झडपेच्या वर मधोमध एक इंजेक्टर असतो. इंजेक्टर म्हणजे विद्युतचुंबकाने उघडणारी सूक्ष्म झडप. पंप पेट्रोल पुरवतो, दाब-नियंत्रक दाब कायम ठेवतो आणि उरलेले पेट्रोल टाकीत परत जाते. दाब कायम असल्यामुळे किती पेट्रोल सुटले हे केवळ झडप किती वेळ उघडी राहिली यावर ठरते. त्यामुळे वजन मोजण्याचा प्रश्न वेळ मोजण्याचा प्रश्न बनला, आणि वेळ मोजणे हे तर इलेक्ट्रॉनिक्सचे हातखंडा काम.

मग ‘संगणक ठरवतो’ म्हणजे काय होते? हे वाक्य वर्गात तसेच सोडून देणे मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते, कारण त्यामागचे गणित अकरावीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन घेऊ. मारुती ८०० चे इंजिन एवढेच होते. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे २६५ घनसेंटिमीटर. थ्रॉटलच्या पलीकडे, सेवन-नळीत, संवेदकाने दाब ५० किलोपास्कल आणि तापमान ३१० केल्व्हिन दाखवले असे समजू. दाब गुणिले आकारमान बरोबर मोल गुणिले वायुस्थिरांक गुणिले तापमान. उत्तर येते सुमारे ०.००५१ मोल. हवेचे मोलवजन २९ धरले तर ०.१५ ग्रॅम. सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाही. ८० टक्के भरला असे मानू. हवा झाली ०.१२ ग्रॅम, म्हणजे १२० मिलिग्रॅम. तिला १४.७ ने भागले की पेट्रोल सुमारे ८ मिलिग्रॅम. इंजेक्टर मिलिसेकंदाला २ मिलिग्रॅम सोडत असेल, तर तो ४ मिलिसेकंद उघडावा.

मिनिटाला ३,००० फेरे असतील तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा श्वास घेतो. तिन्ही मिळून ७५ वेळा. म्हणजे दर १३ मिलिसेकंदांनी हे उत्तर तयार हवे. प्रत्यक्षात दर वेळी सगळा गुणाकार होतोच असे नाही. चाचण्यांवरून तयार केलेले तक्ते स्मृतीत साठवलेले असतात आणि त्यांत इंजिनाचे तापमान, थ्रॉटलची स्थिती, बॅटरीचा दाब यांनुसार दुरुस्त्या केल्या जातात. काही पद्धतींत तर हवेचा दाबही मोजत नाहीत. बॉशच्या मोनो-जेट्रॉनिकमध्ये थ्रॉटलचा कोन आणि इंजिनाचा वेग यांवरूनच हवेचा अंदाज बांधत असत.

अंदाज म्हटला की चूक आली. ती पकडण्यासाठी धुराच्या नळीत ऑक्सिजनचा संवेदक असतो. झिर्कोनियाच्या टोपीच्या एका बाजूला बाहेरची हवा व दुसऱ्या बाजूला धूर. दोहोंतील ऑक्सिजनच्या फरकामुळे विद्युतदाब निर्माण होतो : मिश्रण गाढ असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, विरळ असेल तर ०.१. संवेदक तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावरच नीट काम करतो. ‘गाढ’ अशी खबर आली की संगणक वेळ थोडी कमी करतो, ‘विरळ’ आली की वाढवतो, आणि मिश्रण योग्य प्रमाणाभोवती सतत थोडे पुढे-मागे होत राहते. व्होल्वोच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर हा संवेदक प्रथम १९७६ मध्ये आला. घाट, उंची, झिजलेला इंजेक्टर, पेट्रोलमधला फरक या सगळ्यांची बरीचशी भरपाई या उलट खबरीमुळे होते. कार्ब्युरेटर आणि इंजेक्शन यांतील मूलभूत फरक हाच आहे, आणि तक्त्यांवर नेमका हाच संवेदक बहुधा दाखवलेला नसतो.

जिथे ही पद्धत थिटी पडते

इथपर्यंत एकबिंदू पद्धतीची बाजू भक्कम आहे. आता पुढचा प्रवास पाहू. नेमके मोजलेले पेट्रोल थ्रॉटलपाशी सोडले, पण सिलिंडर अजून हातभर लांब आहेत. मधे फाटे फुटलेली सेवन-नळी आहे. हवा वळणावर सहज वळते. थेंबाला जडत्व असते, तो सरळ जाऊन भिंतीवर आपटतो. थंड नळीत तर पेट्रोलचा पातळ थर भिंतींवर धरतो आणि तो हळूहळू सरकत जवळच्या किंवा उताराच्या सिलिंडरात जातो. कार्ब्युरेटरच्या गाडीत हेच होत होते. इंजेक्टर आला तरी नळी तीच राहिली.

आधीच्या उदाहरणात प्रत्येक सिलिंडरला ८ मिलिग्रॅम मिळायला हवे होते. समजा, एकाला ९, दुसऱ्याला ८ आणि तिसऱ्याला ७ मिळाले. बेरीज २४, सरासरी ८. धुराच्या सामाईक नळीतला संवेदक सांगेल, सर्व ठीक आहे. पण पहिल्या सिलिंडरात इंधन अर्धवट जळते आणि तिसऱ्यात ज्वलन मंद व अडखळते होते. वर्गाची सरासरी पन्नास गुण आली म्हणून प्रत्येक मूल उत्तीर्ण झाले असे कोणी शिक्षक म्हणणार नाही. एकबिंदू पद्धतीतल्या संगणकाला मात्र सरासरीपलीकडे काही दिसतच नाही, आणि दिसले तरी एकाच इंजेक्टरने तो एका सिलिंडरपुरती दुरुस्ती करू शकत नाही.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. धूर एकत्र झाल्यावर पुढे उत्प्रेरक परिवर्तक असेल, तर पहिल्याचा कार्बन मोनॉक्साइड आणि तिसऱ्याचा उरलेला ऑक्सिजन यांचा तिथे बराच मेळ बसतो. म्हणजे वाटपातला दोष शेपटीच्या नळीपाशी काही अंशी झाकला जातो. पण वाया गेलेली शक्ती परत येत नाही, इंजिनाची थरथर थांबत नाही, आणि परिवर्तक तापेपर्यंतच्या पहिल्या काही मिनिटांत झाकणारे कोणी नसते.

भिंतीवरच्या थरामुळे दुसरी अडचण येते. अॅक्सिलरेटर एकदम दाबला की नवे पेट्रोल आधी थर वाढवण्यात खर्ची पडते आणि मिश्रण क्षणभर विरळ होते. एकदम सोडला की नळीतील दाब उतरतो, थर भराभर वाफ होऊन सिलिंडरात शिरतो आणि मिश्रण गाढ होते. संगणकाला या उधार-उसनवारीचा हिशेब ठेवावा लागतो. नळी गरम पाण्याने किंवा विजेने तापवली तर थर घटतो, पण हवाही तापून विरळ होते आणि शक्ती कमी होते.

एवढे दोष असताना ही पद्धत आणली कशासाठी? उत्तर सरळ आहे : खर्चासाठी. चार इंजेक्टरांऐवजी एक, कमी दाबाचा स्वस्त पंप, आणि इंजिनाच्या रचनेत फारसा बदल न करता कार्ब्युरेटरच्या जागी बसणारा भाग. फोक्सवॅगनने १९६७ मध्येच प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेली बॉशची इलेक्ट्रॉनिक पद्धत वापरली होती. म्हणजे बहुबिंदू पद्धत आधीची, आणि एकबिंदू ही तिची नंतर आलेली काटकसरीची धाकटी बहीण. जनरल मोटर्सने १९८० मध्ये थ्रॉटलपाशी इंधन सोडणारी पद्धत कॅडिलॅकवर आणली, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात युरोपातील लहान गाड्यांत ती पसरली. ‘आधी कार्ब्युरेटर, मग एकबिंदू, मग बहुबिंदू’ अशी शिडी काढून दाखवणारे तक्ते म्हणूनच दिशाभूल करतात. तंत्रज्ञान सरळ पायऱ्या चढत नाही. किंमत, कायदा आणि गरज यांच्या ओढाताणीत ते वाट काढते.

आपल्याकडे काय झाले

भारतात कायद्याने घातलेला रेटा नीट पाहण्यासारखा आहे. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला. शिसे परिवर्तकाला निकामी करते, म्हणून तिथे शिसेविरहित पेट्रोलही आले. देशभर ते फेब्रुवारी २००० पासून सुरू झाले. पण त्या वेळच्या बहुतेक मोटारी कार्ब्युरेटरच्याच होत्या. इथे रसायनशास्त्र आडवे येते. कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे ऑक्सिडीकरण करायचे आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे क्षपण, ही उलटसुलट कामे त्रिमार्गी परिवर्तक एकाच वेळी करू शकतो ती केवळ १४.७ च्या आसपासच्या चिंचोळ्या पट्ट्यात. उलट खबर न घेणारा कार्ब्युरेटर त्या पट्ट्यात टिकून राहणे कठीण. औषध दिले, पण पथ्य पाळण्याची सोय केली नाही, असा तो प्रकार होता.

सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल १९९९ च्या आदेशाने राजधानी परिसरात १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ ची मर्यादा नव्या मोटारींना लागू झाली. मोटारींच्या मागे ‘एमपीएफआय’ ही अक्षरे दिसू लागली ती याच सुमारास. एव्हाना एकबिंदू पद्धत तिच्या मायभूमीतही मागे पडत होती, आणि आपल्याकडे ती फारशी रुजलीच नाही. बहुतेक गाड्यांनी कार्ब्युरेटरवरून थेट बहुबिंदूवर उडी घेतली. बहुबिंदूत पेट्रोल थेट त्या त्या सिलिंडरच्या तापलेल्या सेवन-झडपेपाशी सोडतात, त्यामुळे लांब ओल्या नळीचा आणि असमान वाटपाचा प्रश्न बहुतांशी संपतो.

मग मागे पडलेल्या पद्धतीचा एवढा ऊहापोह कशाला? एक कारण शाळेच्या आवारातच उभे असते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आल्यावर आपल्याकडच्या बहुतेक नव्या पेट्रोल दुचाकींत इंधन-इंजेक्शन आले. त्यांपैकी बहुतांश एका सिलिंडरच्या, म्हणून त्यांत इंजेक्टरही एकच. पण तो सेवन-झडपेजवळ असतो, आणि वाटून घ्यायला दुसरा सिलिंडरच नसतो. एकाच घरात एक भाकरी असेल तर वाटपाचे भांडण होत नाही. इंजेक्टर एक आहे की चार, यावर पद्धतीची योग्यता ठरत नाही. एका इंजेक्टरच्या वाट्याला किती सिलिंडर येतात आणि तो त्यांच्यापासून किती दूर आहे, यावर ठरते.

वर्गात काय करता येईल

तक्ता टाकून देण्याची गरज नाही. त्यावर धुराच्या नळीत ऑक्सिजनचा संवेदक काढावा आणि तिथून संगणकाकडे व पुढे इंजेक्टरकडे जाणारा बाण रंगीत खडूने दाखवावा. वर दिलेला आदर्श वायूचा हिशेब वेगवेगळ्या दाबांसाठी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा.

वाटपाचा दोष दाखवायला नळकामातला प्लॅस्टिकचा ‘टी’ आणि फवाऱ्याची बाटली पुरते. ‘टी’ची दोन तोंडे आडवी ठेवून प्रत्येकाला वजन केलेला टिपकागद लावावा, वरच्या तोंडातून रंगीत पाण्याचे वीस फवारे मारावेत आणि कागदांचे पुन्हा वजन करावे. मग ‘टी’ किंचित तिरका धरून हेच करावे. दोन्ही कागदांच्या वजनातील फरक, आणि ‘टी’च्या आत चिकटून राहिलेले पाणी, यांची नोंद ठेवावी. प्रयोगात पाणीच वापरायचे. पेट्रोल वर्गात आणायचे नाही.

नागापूरच्या मुलांपैकी काही उद्या कारखान्यात किंवा गॅरेजमध्ये काम करतील. जुन्या मिस्त्रीचे कौशल्य कानात आणि स्क्रू-ड्रायव्हर धरलेल्या बोटांत होते. जेट किती फिरवायचा हे तो आवाजावरून ठरवी. नव्या गाडीत तो स्क्रूच नाही. तिथे संवेदक काय सांगतो आहे आणि तो खरे सांगतो आहे का, हे ताडून पाहावे लागते. सरासरी बरोबर असूनही एक सिलिंडर उपाशी असू शकतो, ही शंका ज्याला शाळेत शिकायला मिळाली, त्याला यंत्राच्या पडद्यावरचे ‘सर्व ठीक’ हे उत्तर पुरेसे वाटणार नाही. तो प्लग काढून तिन्हींचा रंग ताडून पाहील.